‘मग तो विमान उडवत नाही होय?’

गेल्या मे महिन्यात आत्याच्या घरच्या लग्नासाठी देवासला जाण्याचा योग आला. बेळगावहून पुणे, पुण्याहून इंदूरची गाडी. उज्जैन मागे पडले की लगेच देवास. आत्याला तिकडे जाऊन तीस वर्षे झाली. तिच्या मराठीत आता हिंदी इतकी मुरली आहे, की ‘काय गं, थकलीस का’ याच्याऐवजी ती ‘काय गं, परेशान झालीस का’ असे विचारते. तिचा मोठा मुलगा म्हणजे माझा आतेभाऊ. आम्ही सारे त्याला दादा म्हणतो. तो हवाईदलात अधिकारी आहे आणि लग्नापुरती चार दिवसांची रजा काढून आला होता.

पंगतीत माझ्या समोर धारहून आलेले एक वयस्कर पाहुणे बसले होते. त्यांनी आत्याला विचारले, ‘वहिनी, मुलगा एअर फोर्समध्ये ना? कुठले विमान चालवतो?’ आत्या म्हणाली, ‘विमान नाही चालवत. टॉवरमध्ये असतो. विमानांना सांगतो, केव्हा यायचे, केव्हा जायचे.’ पाहुण्यांनी जिलबीचा तुकडा मोडला आणि अगदी सहज म्हटले, ‘असं! मग तो विमान उडवत नाही होय?’ त्यात वाईट हेतू मुळीच नव्हता. पण आत्याचा चेहरा उतरला, आणि दादा वाढता वाढता पुढच्या पानाकडे सरकला. त्याला हे काही नवे नसावे.

दुसऱ्यांना नावे ठेवण्याआधी स्वतःचे सांगते. मी शाळेत असताना हाच प्रश्न त्याला विचारला होता. त्याने तेव्हा सरळ सांगितले होते. वैमानिक व्हायचे तर एक खास चाचणी द्यावी लागते. हात, डोळे आणि डोके एकाच वेळी किती साथ देतात ते तीत पाहतात, आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. तीत उतरला नाही तो पुन्हा कधी वैमानिकाच्या रांगेत उभा राहू शकत नाही. दादा उतरला नाही. मग ‘ग्राउंड ड्यूटी’ या नावाखाली प्रशासन शाखेत त्याची निवड झाली आणि तिथून त्याला हवाई वाहतूक नियंत्रणाचे काम मिळाले. हे ऐकून मी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला होता, ‘म्हणजे दुसरा नंबर.’ तो निकाल चुकीचा होता, आणि तसा निकाल देणारी मी एकटीच नाही, म्हणून हा लेख.

आपल्या मनात शूर माणसाचे जे चित्र असते, त्यात तो घोड्यावर बसलेला असतो. धार आणि देवास ही तर पवारांची संस्थाने. पहिल्या बाजीरावाच्या काळात माळव्यात उतरलेल्या मराठा सरदारांची. तिथल्या जुन्या घरांत आजही दिवाणखान्यात तलवार टांगलेली दिसते. धारचे यशवंतराव पवार १७६१ साली पानिपतावर पडले, हे तिकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण त्याच मोहिमेत ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि आपल्या फौजेला ते वेळेवर कळले नाही, त्याने आपला दिल्लीशी संबंध तुटला, ही गोष्ट आपण घाईने सांगून मोकळे होतो. कोण कुठून येतो आहे, आपला आहे की परका, आणि हे आपल्या माणसाला वेळेवर कोणी सांगायचे? लढाईतले निम्मे काम हेच असते. ते करणाऱ्याचा पुतळा मात्र कुठल्याही चौकात दिसत नाही.

आता हे काम प्रत्यक्षात काय असते ते थोडे सांगायला हवे. कारण ‘टॉवरमध्ये बसतो’ या वाक्यातल्या ‘बसतो’ या शब्दानेच सगळा घोटाळा केला आहे. दादा स्वतःच्या तळाविषयी एक अक्षर बोलत नाही, आणि बोलू नये हे बरोबरच. पण कुठल्याही तळावर जे घडते ते त्याने मला कागदावर चित्र काढून समजावले. विमान जमिनीवर हलते तेव्हा एकाच्या ताब्यात असते. धावपट्टीवर येते, उडते किंवा उतरते तेव्हा टॉवरमधल्या माणसाच्या ताब्यात. आणि तळाभोवतीच्या आकाशात आले की ‘अप्रोच’वाल्याच्या ताब्यात. हा शेवटचा माणूस बहुधा खिडकी नसलेल्या खोलीत रडारपुढे बसलेला असतो. एका हातातून दुसऱ्या हातात विमान सोपवायचे ते कधीही मोघम नाही. कुठले विमान, किती उंचीवर, कुठल्या दिशेने, आणि आता तुझे, हे सारे बोलून सोपवायचे. खाली-वर जाणाऱ्या दोन विमानांत साधारण हजार फुटांचे अंतर ठेवायचे. दिलेला हुकूम वैमानिकाने तसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा, आणि तो नीट म्हटला की नाही हे ऐकायचे कामही नियंत्रकाचेच. दादा म्हणाला, ‘लोकांना वाटते आमचे काम बोलण्याचे आहे. आमचे काम ऐकण्याचे आहे.’

धावपट्टीला नाव नसते, आकडा असतो. आमच्या सांबऱ्याच्या धावपट्टीचे एक टोक ‘०८’ आणि दुसरे ‘२६’, म्हणजे होकायंत्रावर ८० आणि २६० अंश. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला तोंड करून उतरायचे, म्हणून वारा फिरला की सगळा खेळ उलटा मांडावा लागतो. शब्दांचेही तसेच. रेडिओवर खरखर असते, म्हणून इंग्रजी ‘नाइन’ला ‘नाइनर’ म्हणतात, ‘थ्री’ला ‘ट्री’, ‘फाइव्ह’ला ‘फाइफ’. आमच्या गावात दुकानाची पाटी कुठल्या भाषेत असावी यावरून डोकी फुटतात. आकाशात मात्र मराठी, कानडी, पंजाबी, सारे जण तीच चारदोनशे शब्दांची, काटकसरीची इंग्रजी बोलतात आणि कोणाच्या अस्मितेला धक्का लागत नाही. असो. एका शब्दाची किंमत काय असते ते १९७७ च्या मार्चमध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दिसले. धुक्यात दोन जंबो विमाने एकाच धावपट्टीवर आली. एकाच्या वैमानिकाला उड्डाणाची परवानगी मिळाली असे वाटले. ती मिळालेली नव्हती. ५८३ माणसे गेली. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक जगभर पडला.

लष्करी नियंत्रणाचे काम नागरी कामाहून आणखी अवघड. प्रवासी विमान ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेने येते. लढाऊ विमाने जोडीने किंवा चौकडीने येतात, फार वेगाने येतात आणि परतताना त्यांच्या टाकीत इंधन मोजके असते. ‘जरा दोन फेऱ्या मार, मग बघू’ असे त्यांना म्हणता येत नाही. त्यातल्या एकाचे चाक उघडले नाही, किंवा एखादे गिधाड इंजिनात गेले, की बाकीच्यांना कुठे पाठवायचे, अग्निशामक गाडी कुठे उभी करायची, धावपट्टीच्या टोकाला विमान अडवायचे जाळे वर घ्यायचे की नाही, हे सारे काही सेकंदांत ठरवायचे असते. आणि ठरवणारा अधिकारी पुष्कळदा पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी असते.

मला सर्वांत विलक्षण वाटली ती ‘टॉक-डाउन’ची पद्धत. पाऊस किंवा धुके इतके, की वैमानिकाला धावपट्टी दिसतच नाही. खाली एक खास रडार असते. त्यावर विमान डावी-उजवीकडे किती सरकले आणि उतरण्याच्या रेषेच्या वर आहे की खाली, हे दोन्ही दिसते. नियंत्रक बोलू लागतो, ‘दोन अंश डावीकडे, उंची बरोबर, किंचित वर आहेस, आता बरोबर’, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो की यापुढे उत्तर देऊ नकोस. वैमानिक फक्त ऐकत खाली येतो, अगदी धावपट्टी दिसेपर्यंत. ही विद्या दुसऱ्या महायुद्धात तयार झाली. १९४८-४९ मध्ये रशियाने बर्लिनची वाट अडवली आणि दोस्तांनी सारे शहर विमानांनी पोसले, तेव्हा ती पणाला लागली. १३ ऑगस्ट १९४८ ला वाईट हवेत बर्लिनच्या आकाशात विमानांची अशी कोंडी झाली, की जनरल टनर यांनी त्यानंतर नियमच केला: पहिल्या खेपेस उतरणे जमले नाही तर दुसरा प्रयत्न नाही, माल घेऊन माघारी जायचे. तीन-तीन मिनिटांच्या अंतराने विमाने उतरू लागली. बर्लिनच्या मुलांनी चॉकलेट टाकणारे वैमानिक लक्षात ठेवले. टनरची शिस्त आणि रडारपुढचे आवाज कोणाच्या लक्षात राहिले?

हे सगळे दूरदेशीचे वाटत असेल तर पुण्याचे घ्या. आमच्यापैकी कित्येक जण पुण्याहून दिल्लीला किंवा बंगळूरला विमानाने जातात. लोहगाव हा हवाईदलाचा तळ आहे. तिथे नागरी टर्मिनल आहे, पण धावपट्टी हवाईदलाची आणि टॉवरमधला आवाजही हवाईदलाच्या माणसाचा. एकाच धावपट्टीवर सुखोई आणि पावणेदोनशे-दोनशे उतारूंची विमाने एकामागोमाग घ्यायची. मोठ्या विमानाच्या मागे हवेत भोवरे राहतात, म्हणून पुढच्याने किती अंतर ठेवायचे तेही सांभाळायचे. १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या काळात हीच धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद ठेवली, तेव्हा पुण्याची हवाई वाहतूक ठप्प झाली आणि लोकांना पहिल्यांदा कळले, की आपण इतकी वर्षे हवाईदलाच्या अंगणातून ये-जा करत होतो. गोव्यात दाबोळीला तीच गोष्ट. तिथे हे काम नौदलाकडे आहे. सुट्टीला गोव्याला जाणाऱ्या नवपरिणीत जोडप्याचे विमान खाली घेणारा माणूस नौदलाच्या गणवेशात असतो, हे त्या जोडप्याच्या गावीही नसते. नसावे हेच बरे. पण निदान आपण तरी त्याला ‘नुसता टॉवरमध्ये बसणारा’ म्हणू नये.

इथे देवासची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या एका गावाची दोन संस्थाने होती. तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंपासून थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन वंश चालले. दोघांचे वाडे, दोघांचे दरबार, दोघांचे कारभारी वेगळे, आणि मुख्य रस्त्याची एक बाजू एकाची तर दुसरी दुसऱ्याची. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता. पुढे १९५३ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले. आज देवासच्या टेकडीवरून खाली बघितले तर कुठली बाजू कोणाची ते ओळखूही येत नाही. पण टेकडीच्या वर जे आकाश आहे त्याची स्थिती मात्र बरीचशी जुन्या देवाससारखी आहे. त्याच्याही दोन पाती आहेत, नागरी आणि लष्करी. मे २०२० मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी सांगितले, की देशाच्या आकाशापैकी सुमारे ६० टक्केच नागरी विमानांना मोकळेपणाने वापरता येते. बंधने सैल केली तर वर्षाला सुमारे १००० कोटी रुपये वाचतील. लष्कराला आपले राखीव आकाश लागणारच. ते सगळे मोकळे करा असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण अमुक वेळी ते रिकामे असेल तर दुसऱ्याने वापरावे, आणि हवे तेव्हा परत द्यावे, याला दोन्ही बाजूंच्या नियंत्रकांचा एकमेकांवर विश्वास लागतो. तो कागदावरच्या कराराने येत नाही. रोज एकमेकांचा आवाज ऐकून येतो.

आकाश अरुंद झाले तर काय होते हे आपण १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर पाहिले आहे. त्या काळी दिल्लीभोवतीचे बरेच आकाश हवाईदलासाठी राखीव असल्यामुळे येणाऱ्या आणि जाणाऱ्या नागरी विमानांना एकच वाट होती. सौदी अरेबियाचे जंबो दिल्लीहून वर चढत होते; त्याला १४,००० फुटांवर थांबायला सांगितले होते. समोरून कझाकस्तानचे विमान उतरत होते. त्याला १५,००० फूट. कझाक विमानाला समोरच्याची कल्पना दिलेली होती. कझाक विमान ठरल्या उंचीच्या खाली आले. दिल्लीच्या रडारवर तेव्हा विमान कुठे आहे ते दिसे, किती उंचीवर आहे ते दिसत नसे. ३४९ माणसे मेली, एकही वाचला नाही. नियंत्रकाचे हुकूम बरोबर होते, हे चौकशीत निष्पन्न झाले. त्यानंतर येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारे रडार आले, विमानांत धोक्याचा इशारा देणारे यंत्र सक्तीचे झाले. हे सारे आधी का नाही झाले? मागणारे होते, पण ते ‘खाली बसणारे’ होते. त्यांचे म्हणणे ऐकून घ्यायला इतकी माणसे जावी लागली, असेच मला वाटते. हे माझे मत कोणाला कडवट वाटले तरी मी ते मागे घेणार नाही.

हवाईदलाच्या याच शाखेत एक दुसरी विद्याही शिकवतात. वाहतूक नियंत्रक विमानांना एकमेकांपासून दूर ठेवतो. ‘फायटर कंट्रोलर’ आपल्या विमानाला शत्रूच्या विमानाजवळ नेतो. २२ नोव्हेंबर १९७१ ला बोयऱ्याच्या आकाशात पाकिस्तानी सेबर विमाने आली. त्या दिवशी ती दोनदा हातून निसटली होती. दुपारी तीनच्या सुमारास तिसऱ्यांदा आली तेव्हा डमडमहून चार छोटी नॅट विमाने उठली, आणि रडारवरच्या एका तरुण अधिकाऱ्याच्या आवाजावर अचूक त्यांच्या पाठीशी गेली. काही मिनिटांत निकाल लागला. पाडल्या गेलेल्या सेबरमधून हवाई छत्रीने उतरून पकडले गेलेले परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानचे हवाईदलप्रमुख झाले. मॅसी, गणपती, लाझारस यांना वीरचक्र मिळाले आणि ते योग्यच होते. पण तो आवाज फ्लाइंग ऑफिसर के. बी. बागची यांचा होता, हे मला दादाने सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. त्याच युद्धात भुजच्या विमानतळाची धावपट्टी बाँबने उखडली गेली, तेव्हा माधापर गावच्या सुमारे ३०० बायांना हाताशी धरून ती ७२ तासांत पुन्हा उभी करणारे स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक तळाचे प्रमुख होते. २०२१ मध्ये त्यावर हिंदी चित्रपट निघाला, म्हणून त्यांचे नाव निदान ऐकू तरी आले.

आता ज्या एका दिवसामुळे हा विषय माझ्या मनातून जात नाही, तो दिवस. २७ फेब्रुवारी २०१९. बालाकोटनंतरची सकाळ. पाकिस्तानी विमाने जम्मूच्या बाजूला आली आणि आपली विमाने त्यांच्यावर गेली. त्या वेळी रडारवर बसून आपल्या वैमानिकांना वाट दाखवणाऱ्या स्क्वाड्रन लीडर मिंटी अगरवाल यांना त्याच वर्षीच्या स्वातंत्र्यदिनी युद्ध सेवा पदक जाहीर झाले. हे पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. ही झाली त्या सकाळची एक बाजू. त्याच सकाळी श्रीनगरजवळ बडगाममध्ये आपलेच एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. त्यातले सहाही जण आणि जमिनीवरचा एक नागरिक असे सात बळी गेले. त्यांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले गेले होते, असे चौकशीत दिसून आले, आणि ती मोठी चूक होती हे हवाईदलप्रमुख भदौरिया यांनी ४ ऑक्टोबर २०१९ ला उघडपणे कबूल केले.

एकाच सकाळी, एकाच आघाडीवर. एका ठिकाणी जमिनीवरच्या माणसाचा शब्द वेळेवर आणि अचूक पोचला. दुसऱ्या ठिकाणी आपले हेलिकॉप्टर आपले म्हणून ओळखले गेले नाही. वैमानिकाचे कौशल्य दोन्हीकडे होते. मांडवगणे यांच्या हातात करण्यासारखे काहीच नव्हते. घोड्यावरचा स्वार कितीही शूर असो, त्याच्या पाठीमागच्या माणसाने ‘हा आपला’ असे म्हटले नाही तर त्याचे शौर्य त्याला वाचवू शकत नाही. मग त्या मागच्या माणसाच्या जागेवर कोण बसते, तो किती शिकलेला असतो, किती झोपलेला असतो, त्याच्या शब्दाला किती मान असतो, या गोष्टी दुय्यम कशा?

माझ्याशी वाद घालताना एका मैत्रिणीने आक्षेप घेतला, की वैमानिक जिवाची बाजी लावतो, नियंत्रकाचे काय जाते? आक्षेप खोटा नाही. वैमानिकाची चूक त्याच्या स्वतःच्या अंगावर येते आणि तो मोठेपणा त्याच्याकडून कोणी हिरावून घेऊ नये. पण दुसऱ्याच्या जिवाची बाजी आपल्या शब्दावर लावलेली असणे, आणि ती हरली तर आपण मात्र जिवंत उरणे, हेही सोपे नाही. जुलै २००२ मध्ये जर्मनीच्या युबरलिंगेन गावावर दोन विमाने आदळून ७१ जण मेले. त्या रात्री स्विस नियंत्रण केंद्रातला नियंत्रक एकटाच दोन जागा सांभाळत होता. पुढे, २००४ मध्ये, त्या अपघातात आपले कुटुंब गमावलेल्या एका माणसाने त्याच्या घरी जाऊन त्याला भोसकून मारले. दादाला मी विचारले, तुला भीती कशाची वाटते? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘एखादा आवाज उत्तर द्यायचा थांबतो ना, त्याची.’ त्यावर मी पुढे काही विचारले नाही.

आमच्या कॉलेजात दरवर्षी भरतीची माहितीपत्रके लागतात. त्यांवर विमान असते, चष्मा लावलेला वैमानिक असतो. ज्यांना चष्म्याचा नंबर आहे ती मुले-मुली तिथेच मागे फिरतात. कुठल्याही शाखेचा, साठ टक्के गुण मिळवलेला पदवीधर हवाईदलाची एएफकॅट परीक्षा आणि त्यानंतरची पाच दिवसांची निवड पार करून ग्राउंड ड्यूटीला जाऊ शकतो, मुलींनाही १९९० च्या दशकापासून ही वाट मोकळी आहे, आणि ‘प्रशासन’ या रुक्ष नावामागे टॉवर आणि रडार दडलेले आहे, हे आम्हाला कोणी सांगत नाही. सांबऱ्याला वायुसैनिकांची प्रशिक्षण शाळा आहे. रविवारी ती मुले बाजारात हिंडतात आणि आमच्या गावाचा हवाईदलाशी संबंध तिथेच संपतो. त्या शाळेतल्या एखाद्या अधिकाऱ्याला बोलावून एक तासभर फक्त या कामाविषयी बोलते करायला काय हरकत आहे? आणि ‘ग्राउंड ड्यूटी’ हे नाव ठेवणाऱ्याचाही मला राग आहे. पोराने पहिल्या दिवसापासून मान खाली घालावी असेच ते नाव आहे.

सांबऱ्याजवळच सुळेभावी गाव आहे. तिथे जन्मलेले कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन १९४८ मध्ये देवासला गेले. काही वर्षे गाणे बंद होते. त्या काळात ते अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी ऐकत राहिले आणि पुढचे त्यांचे सारे गाणे त्या ऐकण्यातून बदलून आले. ते ज्या घरात राहिले ते टेकडीच्या पायथ्याशी आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आत्या मला मुद्दाम दाखवायला घेऊन गेली. बेळगावचा माणूस देवासमध्ये राहून मोठा झाला याचा तिला फार अभिमान.

घर पाहून आम्ही देवीच्या टेकडीवर गेलो. संध्याकाळ होत आली होती. आत्याने मध्येच थांबून विचारले, ‘तो पाहुणा काल म्हणाला ते तू ऐकलंस ना?’ मी ‘हो’ म्हटले. मग वाटेत बसून जे वर लिहिले आहे त्यातले बरेचसे तिला सांगितले, बोयरा, बडगाम, पुण्याची धावपट्टी. बडगामचे ऐकताना तिने पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांत मुलाने तिला यातले काही सांगितलेच नव्हते, आणि तिनेही विचारले नव्हते. इंदूरच्या दिशेने एक विमान दिवे लावून खाली चालले होते. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘ह्याच्याशी आत्ता कोणीतरी बोलत असेल, नाही का?’

मी म्हटले, ‘असणारच.’

‘त्याचं जेवण झालं असेल का गं?’ आत्या म्हणाली, आणि आम्ही पायऱ्या उतरू लागलो.